मनगटातून जाणारी नळी आणि तिची भिंत

रबाळेकरीण
९ जुलै, रात्री १०.४२

जूनमध्ये आईची अँजिओग्राफी झाली, ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. तिला आत नेऊन पंधरा मिनिटंही झाली नसतील, तोच सिस्टर फॉर्म घेऊन बाहेर आल्या. "नस आवळली गेलीय, कॅथेटर पुढे जात नाहीये. मांडीतून करावं लागेल, इथे सही करा." केली सही. रिपोर्ट चांगला आला, औषधांवर भागलं, देवाची कृपा. पण रात्री आईनं उजवा हात पुढे केला तर मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा. म्हणाली, "अगं, आतून काथ्याची दोरी ओढल्यासारखं झालं."

मी गेली चौदा वर्षं रबाळे एमआयडीसीत याच नळ्या करते. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हा धागा काढतेय. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. त्यांनी जोर न लावता वेळीच रस्ता बदलला, हे उत्तमच केलं. मला बोलायचंय ते नळीबद्दल, त्यातही नळीच्या भिंतीबद्दल.

आधी दोन शब्द सुटे करू, कारण घरोघरी ते एकच समजले जातात. कॅथेटर म्हणजे हृदयापर्यंत जाणारी साधारण १०० सेंटीमीटरची लांब नळी. शीथ म्हणजे मनगटाशी किंवा जांघेत बसवलेलं आखूड म्यान. मनगटाची शीथ जेमतेम ७ ते १६ सेंटीमीटर, काही त्याहून लांब. एकदा ती बसली की तारा, कॅथेटर, फुगे सगळं तिच्यातूनच आत-बाहेर होतं. डॉक्टर चार वेळा कॅथेटर बदलतील, पण धमनीच्या भोकाच्या कडा चार वेळा खरवडल्या जात नाहीत. मागच्या टोकाला सिलिकॉनची चीर दिलेली झडप असते. ०.८९ मिमीची तार आत असो की २ मिमीचं कॅथेटर, रक्त बाहेर येता कामा नये आणि हवा आत जाता कामा नये.

आता माप. 'फ्रेंच' हे माप पॅरिसमधल्या शारिएर नावाच्या शस्त्रक्रियेची हत्यारं घडवणाऱ्या कारागिराचं, एकोणिसाव्या शतकातलं. १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणून ६ फ्रेंचचं कॅथेटर बाहेरून २ मिमी. गोम अशी की कॅथेटरचं फ्रेंच बाहेरून मोजतात आणि शीथचं आतून. ६ फ्रेंचच्या शीथमधून ६ फ्रेंचचं कॅथेटर मोकळेपणी जायला हवं, म्हणून तिचा आतला व्यास २.२ मिमीच्या आसपास ठेवावा लागतो. त्यावर दोन्ही बाजूंनी ०.२० मिमीची भिंत धरली तर बाहेरून झाले २.६ मिमी. पाकिटावर '६' छापलेलं असतं, पण धमनीच्या वाट्याला येते ती जवळपास ८ फ्रेंचची वस्तू.

मनगटातली रेडियल धमनी साधारण २ ते ३ मिमीची, बायकांची त्यातही बारीक. आईला बांगडी दोन-दोनची लागते. कासार हात नुसता दाबून माप सांगतो आणि कधी चुकत नाही. मग नळी घालताना ते माप कोण घेतं? १९९९ साली जपानमधल्या साइतो आणि सहकाऱ्यांनी हेच गुणोत्तर तपासलं: धमनी आतून किती आणि शीथ बाहेरून किती. धमनी शीथपेक्षा बारीक असली की नंतर तिच्यातला रक्तप्रवाह घटण्याचं प्रमाण वाढतं. शिवाय या धमनीच्या भिंतीत स्नायू भरपूर. तिला डिवचलं की ती मूठ आवळावी तशी आवळते.

तेव्हा आतली जागा तेवढीच ठेवून भिंत ०.२० वरून ०.१२ वर आणली, तर बाहेरचा व्यास २.६ वरून २.४४ होतो. अशा पातळ भिंतीच्या शीथ बाजारात आहेत, काही वर्षांपासून आहेत. आमच्याकडेही त्यावर काम चालू आहे. पण भिंत पातळ केली की नळी वाकते तिथे चिमटते, बागेतला पाइप मुडपतो तशी. चिमटली की आत कॅथेटर अडकतं आणि सगळं मुसळ केरात. आम्ही दोन वर्षं त्या ०.०८ मिमीशी झगडतोय.

कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी करतात ती खोली) काम करणारे, असं काही घरात अनुभवलेले, प्लास्टिकवाले, सगळ्यांनी लिहा.

---

खाडीवारा
९ जुलै, रात्री ११.२०

आईंना आराम पडो. एक भाबडी शंका: मनगट एवढं अडचणीचं असेल तर सरळ मांडीतूनच का करत नाहीत? तिथली नस मोठी असते ना?

---

कॅथलॅबमधून
१० जुलै, सकाळी ६.१५

नाइट संपवून लिहितोय. मी टेक्निशियन, ठाण्यातच, अकरा वर्षं झाली.

खाडीवारा, मांडीतली धमनी मोठी आहे हे खरं, पण ती खोल असते. काही वेळा रक्त आत पोटाच्या मागे साचतं आणि बराच वेळ कळतही नाही. शिवाय पेशंटनं सहा-सहा तास पाय न हलवता उताणं पडायचं. ज्यांना पाठीचं दुखणं आहे त्यांना विचारा. मनगटातली धमनी हाडावर असते, पट्टा बांधला की रक्त थांबतं, पेशंट उठून चहा पितो. मॉन्ट्रियलच्या कँपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी करून दाखवली आणि पुढे नेदरलँड्समध्ये कीमेनाय यांनी तिथूनच अँजिओप्लास्टी (फुग्यानं ब्लॉक उघडणं) सुरू केली. आज आमच्याकडे बहुतेक केस मनगटातूनच होतात. म्हणून रबाळेकरीण ताईंचा मुद्दा महत्त्वाचा. हाच रस्ता वापरायचा, तर तो लहान हातांनाही झेपला पाहिजे.

सहा फ्रेंच का घेतात तेही सांगतो. अँजिओग्राफीला पाच पुरते. पण ब्लॉक निघाला आणि तिथल्या तिथे अँजिओप्लास्टी करायची ठरली, तर सहा लागते. मग शीथ बदलण्यापेक्षा पहिल्यापासूनच सहा टाकतात. नस आवळू नये म्हणून नायट्रोग्लिसरीन, कुठे व्हेरापॅमिल देतात, हात गरम ठेवतात. पेशंट घाबरलेला असला तर नस हमखास आवळते. मी तरी शीथ जाताना पेशंटशी गावाच्या गप्पा मारतो. त्याचा फरक पडतो.

ताई, एक विचारायचंय. काही शीथ घालताना कातडीशी अडकतात, ढकलावं लागतं आणि बाहेर काढल्यावर टोक चुरगळलेलं दिसतं. हे का?

---

रबाळेकरीण
१० जुलै, रात्री ९.०५

किती नेमकं विचारलंत. त्याचं उत्तर टोकात आहे, आणि माझ्या मते शीथचा अर्धा जीव त्या टोकात असतो.

शीथ आत जाते ती डायलेटरवर चढून. डायलेटर म्हणजे आतली निमुळती कांडी, तारेवरून पुढे सरकत भोक हळूहळू मोठं करणारी. कांडी जिथे पूर्ण जाडीची होते, तिथेच शीथची कड सुरू होते. त्या सांध्यावर जरा जरी पायरी राहिली तरी कातडी आणि धमनीची भिंत तिथे अडखळते. मग डॉक्टर जोर लावतात, कड मागे मुडपते, माशानं तोंड उघडावं तशी. पहिल्या प्रयत्नात गेली नाही आणि तीच शीथ पुन्हा रेटली, तर ती मुडपलेली कड धमनीला ओरबाडत जाते. त्यामुळे टोक चुरगळलेलं दिसलं तर ती शीथ बाजूलाच ठेवायला सांगा.

हे टोक आम्ही गरम साच्यात घडवतो, त्याला टिपिंग म्हणतात. भिंत शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये निमुळती होत कागदाइतकी पातळ व्हायला हवी आणि डायलेटरला चिकटून बसायला हवी. फार घट्ट बसली तर डायलेटर काढताना शीथच बाहेर येऊ पाहते. सैल राहिली तर पायरी तयार होते. आमच्याकडे एक काका आहेत, दिव्याहून येतात, बावीस वर्षं टिपिंगवर. मायक्रोस्कोपखाली ठेवण्याआधी ते टोक अंगठ्याच्या नखावरून उलट्या दिशेनं ओढतात. नखाला लागलं की बाजूला. नंतर मायक्रोस्कोपमध्ये पाहावं तर खरोखरच कडेला केसाएवढी बर, म्हणजे प्लास्टिकचा खरखरीत काठ, असते. नवी मुलं आली की मी आधी त्यांना काकांच्या शेजारी आठवडाभर बसवते.

बाहेरून पाण्यानं निसरडा होणारा लेपही असतो. कोरडा असताना काही वाटत नाही, सलाइन लागलं की शेवाळावर बोट फिरवल्यासारखा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत असा लेप असलेल्या शीथमुळे धमनी आवळण्याचं प्रमाण कमी आढळलं, शीथच्या लांबीनं मात्र फरक पडला नाही. लेप ओला न करता शीथ घातली तर त्याचा उपयोग शून्य. घाईत हे राहून जातं, तुम्हाला ठाऊक असेलच.

---

तीनशेसाठ अंश
११ जुलै, दुपारी १.३०

ऐरोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे, तिसरं वर्ष. शीथ समजली. पण कॅथेटर १०० सेमी लांब आणि २ मिमी जाड, बाहेर मूठ फिरवली की आत टोक कसं फिरतं? एवढी बारीक प्लास्टिकची नळी तर पिळली जाईल. आणि इतकी कडक केली की टोक धमनीला टोचणार नाही?

---

रबाळेकरीण
११ जुलै, रात्री १०.३०

शाब्बास, दोन्ही प्रश्न एकमेकांच्या विरोधात आहेत आणि कॅथेटर म्हणजे त्या दोघांचा समेटच आहे.

ती एका प्लास्टिकची नळी नसतेच. आधी चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार घेतात, तो मॅन्ड्रेल. त्यावर पीटीएफईचं अस्तर, जाडी माणसाच्या केसाहूनही कमी. पीटीएफईला काहीच चिकटत नाही, तुमचा नॉनस्टिक तवा त्याचाच. म्हणून त्याची बाहेरची बाजू सोडियमच्या रसायनानं खरवडलेली असते. ती चहासारखी तपकिरी दिसते. अस्तराचा रोल पांढराफटक आला तर परत पाठवायचा, कारण वरचा थर त्याला धरणार नाही.

त्यावर स्टेनलेस स्टीलच्या चपट्या तारांची वेणी. सोळा बॉबिन एकमेकांभोवती गोल नाचतात आणि मधून नळी वर सरकते. गणपतीतल्या गोफाचा खेळ पाहिला असशील, अगदी तेच. टोक फिरतं ते या वेणीमुळे. एका इंचात तारा किती वेळा एकमेकींना छेदतात यावर नळीचा स्वभाव ठरतो. विरळ विणली तर कडक, दाट विणली तर लवचीक. वेणीऐवजी तारेचं वेटोळं घातलं तर नळी चिमटत नाही, पण पीळ नीट पोचत नाही. बाहेर अर्धा फेरा दिला, आत काहीच हललं नाही आणि मग टोक एकदम उसळून फिरलं, असं होतं. कोरोनरीच्या, म्हणजे हृदयाच्या धमनीच्या, तोंडाशी ते परवडणारं नाही.

वेणीवर पेबॅक्स नावाच्या प्लास्टिकचे तुकडे ओवतात. एकच जात, पण कडकपणा वेगवेगळा: मुठीकडे ७२ शोअर डी (हे कडकपणाचं माप), मग ६३, ५५, आणि टोकाशी ३५-४०. तुझा टोचण्याचा प्रश्न इथे सुटतो. वरून एफईपी या दुसऱ्या प्लास्टिकची आकसणारी नळी चढवून तापवतात. एफईपी आवळते, आतलं पेबॅक्स वितळून वेणीच्या भोकांतून खाली अस्तराला जाऊन मिळतं, तुकड्यांचे सांधे एकमेकांत विरतात. गार झालं की एफईपीला चिरा देऊन ती सोलायची, घेवड्याची शीर ओढावी तशी. शेवटी मॅन्ड्रेलची दोन टोकं ताणतात. तांबं ताणलं की बारीक होतं आणि सुळकन बाहेर येतं. नवीन डिझाइनचं पहिलं कॅथेटर असं मोकळं होताना बघायला आमच्याकडे स्टोअरवाले पण येऊन उभे राहतात.

आता जुलै आहे म्हणून एक खास आपल्याकडची गोष्ट. पेबॅक्स आणि नायलॉन हवेतलं पाणी ओढून घेतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात या दिवसांत कपडे वाळत नाहीत, तिथे प्लास्टिकच्या दाण्यांचं काय होणार? ओले दाणे एक्स्ट्रूडरमध्ये (दाणे वितळवून नळी काढणारं यंत्र) गेले की पाण्याची वाफ होते आणि नळीच्या भिंतीत लांबट बुडबुडे येतात. तीन वर्षांपूर्वी मी एका रात्रीच्या शिफ्टचा अख्खा लॉट त्यापायी फेकला. ड्रायर व्यवस्थित चालू होता, दाणे रात्रभर वाळले होते. पण ड्रायरपासून हॉपरपर्यंत, म्हणजे यंत्रावरच्या नरसाळ्यापर्यंत, ते उघड्या बादलीतून नेले होते आणि मध्ये जेवणाची सुट्टी झाली. बादलीवर झाकण नव्हतं. नळी उजेडासमोर धरली तर भिंतीत सुईच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके, रांगेनं. लेझर गेजवर माप बरोब्बर. वाकवून पाहिली, ठिपक्यापाशी तुटली. माझीच शिफ्ट, माझीच सही. तेव्हापासून दाणे बंद पाइपानंच वर जातात.

---

पाचवा मजला, घणसोली
१२ जुलै, सकाळी ८.५०

विषय थोडा वेगळा आहे, चालेल का बघा. माझ्या मिस्टरांना मुतखडा आहे, किडनीत, ११ मिमी. दुर्बिणीनं लेझर करायचं ठरलं होतं. भूल दिली, आत गेले, आणि डॉक्टर म्हणाले, "किडनीतून खाली येणारी मूत्रनलिका अरुंद आहे, शीथ जात नाही. आज फक्त डीजे स्टेंट, म्हणजे तिच्यात काही दिवस ठेवायची मऊ नळी, टाकलाय, दोन आठवड्यांनी परत या." आमच्याकडे सगळे म्हणतायत की डॉक्टरांना जमलं नाही, दोनदा बिल लावणार. हे खरंच असं असतं का?

---

रबाळेकरीण
१२ जुलै, रात्री ८.१५

अहो ताई, हा अगदी याच धाग्याचा विषय आहे.

किडनीतल्या दुर्बिणीसाठी जी शीथ वापरतात तिच्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १२/१४. आतून १२ फ्रेंच, बाहेरून १४. म्हणजे बाहेरून ४.७ मिमीच्या जवळ. मूत्रनलिका साधारण ३ ते ४ मिमीची. काही जणांची ताणली जाते, काहींची नाही. ही शीथ फार कामाची: दुर्बीण वारंवार आत-बाहेर करताना मूत्रनलिका सोलवटत नाही, नाजूक दुर्बीणही जपली जाते, आणि आत सोडलेलं पाणी शीथमधून परत वाहतं, त्यामुळे किडनीत दाब चढत नाही. दाब चढला तर लघवीतले जंतू रक्तात जायचा धोका. पण हीच शीथ जबरदस्तीनं रेटली तर मूत्रनलिका फाटू शकते. २०१३ साली पॅरिसच्या ट्रॅक्सर यांनी १२/१४ ची शीथ काढल्यावर मूत्रनलिका आतून तपासली. जवळपास निम्म्या पेशंटमध्ये काही ना काही इजा दिसली, बहुतेक किरकोळ, पण काहींमध्ये खोल.

स्टेंट टाकून ठेवला की मूत्रनलिका आपोआप सैलावते. दोन आठवड्यांनी तीच शीथ बहुधा अलगद जाते. तुमच्या डॉक्टरांनी रेटलं नाही, याचं मला तरी कौतुक वाटतं. बिलाचं आधीच स्पष्ट विचारून घ्या, तो तुमचा हक्कच आहे. आणि स्टेंट असताना लघवीला जळजळ, कमरेत कळ येते, त्याला घाबरू नका. ताप किंवा थंडी वाजली तर मात्र लगेच फोन करा. स्टेंट काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. विसरलेले स्टेंट फार त्रास देतात.

---

पाचवा मजला, घणसोली
१२ जुलै, रात्री ९.४०

खूप बरं वाटलं. मिस्टरांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं.

---

खाडीवारा
१३ जुलै, सकाळी ७.३०

ही सगळी कल्पना मुळात निघाली कोणाच्या डोक्यातून? कापल्याशिवाय आत जायचं हे सुचलंच कसं?

---

कॅथलॅबमधून
१३ जुलै, दुपारी ३.१०

आमच्या सरांनी आम्हाला शिकवलेलं सांगतो. १९२९ मध्ये जर्मनीत फोर्समान नावाच्या पंचविशीच्या डॉक्टरनं स्वतःच्या हाताच्या शिरेतून मूत्रनलिकेचं कॅथेटर हृदयापर्यंत घातलं आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला. १९५६ चं नोबेल त्यासाठी त्याला वाटून मिळालं. पण रोजच्या कामासाठी खरा उपकार स्वीडनच्या सेल्डिंगर यांचा, १९५३. सुई घाला, सुईतून तार घाला, सुई काढा, तारेवरून नळी घाला. त्याआधी धमनी कापून उघडी करावी लागायची. आजही प्रत्येक केसला आम्ही तेच करतो.

---

रबाळेकरीण
१३ जुलै, रात्री ९.५५

आणि म्यान आलं १९६५ मध्ये, अमेरिकेतल्या डेसिलेट्स आणि हॉफमन यांच्याकडून. ग्रुंटझिग यांनी फुग्याची कॅथेटर स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून बनवली आणि १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. मला ते स्वयंपाकघर फार जवळचं वाटतं. ०.०८ मिमीचा पहिला प्रयोग मीही घरीच केला होता, गॅसवर, कढईतल्या गरम वाळूत नळी वाकवून.

---

वाशीचा पूल
१४ जुलै, सकाळी १०.२०

कॅथेटर धुऊन, गॅस देऊन परत वापरतात असं ऐकलंय. ते वाईटच का? महाग वस्तू आहे, गरिबाचे पैसे वाचतात.

---

रबाळेकरीण
१४ जुलै, रात्री ९.३०

पाकिटावर २ आकडा आणि त्यावर तिरकी रेघ असेल तर ती वस्तू एकदाच वापरायची आहे. कारण सांगते. दीड मिमीच्या बोळात ब्रश जात नाही, झडपेच्या चिरेत रक्त सुकून बसतं. इथिलीन ऑक्साइड जंतू मारतं, पण सुकलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली ते पोचेलच असं नाही. आणि तो गॅस स्वतः विषारी. तो प्लास्टिकमध्ये मुरतो, आम्ही माल दिवसचे दिवस उबदार खोलीत ठेवून तो बाहेर निघू देतो आणि उरलेला मोजतो. निसरडा लेप धुण्यात सुटतो, त्याचे कण पुढच्या पेशंटच्या रक्तात. शिवाय भिंत आधीच ताणलेली. वाचलेले पैसे पेशंटच्या बिलात दिसतात का, हेही विचारा.

---

कॅथलॅबमधून
१६ जुलै, सकाळी ६.४०

ताई, काकूंचा हात कसा आहे आता?

---

रबाळेकरीण
१६ जुलै, रात्री १०.१०

बराय. निळसरपणा गेला. मनगटावर नाडी लागते, मी रोज बोट ठेवून बघते. शनिवारी ओळखीच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफीत दोन्ही मनगटं मोजून घेतली. उजवी धमनी १.९ मिमी, डावी २.१. डॉक्टरांनी ते आकडे कागदावर लिहून दिले, सही-शिक्क्यासह. तो कागद मी तिच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय, आधार कार्डाच्या झेरॉक्सच्याही वर.

काल आमची पातळ भिंतीची पाच फ्रेंचची सँपल तयार झाली. बाहेरून २.०८. काकांनी नखावर ओढून पाहिली. आता ती वाकवण्याच्या टेस्टला लावलीय, सोमवारी कळेल.